सांगली ते मुंबई नऊ तास, मुंबई ते कोलंबो अडीच तास

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ९:४०

पाडवा, भाऊबीज उरकून आम्ही पाच जण श्रीलंकेला जाऊन आलो. सहलीचं वर्णन सवडीने लिहीन (म्हणजे लिहिणार नाही, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच). हा धागा फक्त पहिल्या दिवसाचा. आमच्या घरात दोन महिने "अडीच तासांचं तर विमान आहे!" हे एकच वाक्य फिरत होतं. त्या अडीच तासांच्या अलीकडे-पलीकडे काय असतं, याचा विचार कुणीच केला नाही. मीही नाही.

मंडळी: मी, अहो, मुलगी वय ११, मुलगा वय ५ आणि सासूबाई वय ७१. सासूबाईंचं पहिलंच विमान. त्यांना कोलंबोशी, समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. नुवारा एलियाजवळ सीता एलिया म्हणून गाव आहे, तिथे ओढ्याकाठी सीताअम्माचं देऊळ आहे, आणि तिथे सीतेची ओटी भरायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. त्यासाठी खण, तांदूळ, हळदकुंकू, सगळं सांगलीहून बांधलेलं.

रात्री नऊला सांगलीतून स्लीपर बस. सुट्टीचा हंगाम, त्यामुळे खंबाटकीला तुंबलो, मग एक्सप्रेसवेवर तुंबलो. सायनला उतरलो तेव्हा सकाळचे सहा. तिथून टॅक्सीने टर्मिनल दोन. विमान सव्वाअकराचं. म्हणजे हातात पाच तास. अहो म्हणाले, "कशाला एवढ्या लवकर, चल आधी कुठे तरी मिसळ खाऊ." मी नको म्हटलं, आणि या एका गोष्टीचं श्रेय मी आयुष्यभर घेणार आहे.

काउंटरवर पहिली माशी शिंकली. तिकिटं पुतण्याने काढली होती. सासूबाईंच्या पासपोर्टवर त्यांचं नाव, पुढे सासऱ्यांचं नाव आणि मग आडनाव. तिकिटावर सासऱ्यांचं नाव गाळलेलं. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण तिला अधिकार नव्हता. साहेब येईपर्यंत पंचवीस मिनिटं आम्ही बाजूला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्यांचं नाव लावलं, आणि नेमकं आजच काढलं होय रे!" साहेबांनी पासपोर्ट, तिकीट, श्रीलंकेची ईटीए (आधी ऑनलाइन काढायची प्रवेश-परवानगी), तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि सोडलं. ईटीएवर नाव पासपोर्टबरहुकूम होतं म्हणून सुटलो, असं ते म्हणाले.

बॅगा दिल्या, हायसं वाटलं, तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. बॅग उघडून दाखवा. मला वाटलं चकलीचा डबा. निघाल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या! ओटीसाठी ओला नारळ जड होतो म्हणून सासूबाईंनी घडीच्या साड्यांत गुंडाळून ठेवलेल्या. चेक-इनच्या सामानात सुकं खोबरं चालत नाही म्हणे. सासूबाईंचा चेहरा बघवेना. "देवीचं आहे" म्हणून पाहिलं त्यांनी. तो माणूसही कोकणातला निघाला, हात जोडून म्हणाला, "आजी, नियम आहे. आणि तुम्ही निघालात कुठे, तर नारळाच्या देशात!" वाट्या तिथेच राहिल्या.

मग इमिग्रेशन. रांग किती, तर मुलाने रांगेतच बसून अख्खी चित्रकलेची वही संपवली. साधारण सव्वा तास. सुरक्षा तपासणी त्यानंतर. गेटवर पोचलो तेव्हा लोक आत जायला लागले होते. मिसळ खाल्ली असती तर आज हा धागा वेगळ्या विभागात असता.

विमानातलं सांगण्यासारखं फार नाही. चढलो, पोहे-उपमा असं काहीतरी विकत घेतलं, उतरलो. मुलगा उतरताना कान धरून रडला, ते सोडून.

कातुनायकेला (कोलंबोचा विमानतळ तिथे आहे) उतरल्यावर मुलाने घड्याळ पुढे केलं. परदेशात गेल्यावर काटे फिरवायचे असतात, हे शाळेत शिकलाय. त्याला सांगितलं, इथे आपलीच वेळ. त्यावर मुलगी: "मग कसला परदेश?" तिचं समाधान आगमन कक्षात झालं. तिथे ड्यूटी फ्रीमध्ये अत्तरं-चॉकलेटांच्या पलीकडे चक्क फ्रिज आणि वॉशिंग मशीनची दुकानं! आखाती देशांत कामाला गेलेले लोक सुट्टीला येताना घेऊन जातात म्हणे. अहो दहा मिनिटं एका फ्रिजपुढे उभे होते. का, ते विचारू नका.

तर माझा मुद्दा एवढाच, की जवळचा परदेश हा "जवळचा" फक्त हवेत असतो. जमिनीवर तो अमेरिकेइतकाच लांब. तुमचे अनुभव लिहा. पुढच्या वर्षी आणखी कुठे तरी जायचा विचार आहे, म्हणून स्वार्थही आहे.

---

टपरीवरचा_चहा · सोमवार, रात्री १०:०५

अडीच तासांच्या विमानावर एवढा मोठा धागा? आमच्या ऑफिसात लोक महिन्यातून दोनदा सिंगापूरला जातात, कुणी ब्रसुद्धा काढत नाही.

---

भुईरिंगणी · सोमवार, रात्री १०:११

@टपरी, ऑफिसची माणसं पाच वर्षांचं पोर, सासूबाई आणि चकल्या घेऊन जात नाहीत. मस्त लिहिलंयस गं. ते "नेमकं आजच काढलं" वाचून हसू आणि पाणी एकदमच आलं.

---

हिंजवडीकर · सोमवार, रात्री १०:३०

नावाचं लिहितो, कारण हा आपल्या मराठी लोकांचा खास घोळ आहे. आपल्याकडे नाव-वडिलांचं/नवऱ्याचं नाव-आडनाव असे तीन तुकडे. पासपोर्टवर रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात चिकटून येतं. तिकीट काढताना तो अख्खा रकाना जसाच्या तसा टाकायचा. "मधलं नाव कशाला" असा विचार करायचा नाही. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका: आधार सासरचं, पासपोर्ट माहेरचा. तिथे पासपोर्ट सांगेल तेच खरं.

उलटा घोळही असतो. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच आणि सगळं नाव एका रकान्यात. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश बंद केला. दुबईला निघालेल्यांनी पासपोर्ट आत्ताच उघडून बघा.

बाकी, पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने असावी, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दरवर्षी कुणी ना कुणी विसरतंच.

---

खारा_वारा · सोमवार, रात्री ११:०२

खोबऱ्याबद्दल. माझं काम विमानाच्या मालवाहतुकीतलं आहे, म्हणून अधिकाराने बोलतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. ढिगाने भरलं, हवा-ओलावा लागला, तर ते आतल्या आत तापतं आणि स्वतःच पेटू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या यादीत ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गात येतं, वर्ग ४.२. दोन वाट्यांनी विमान पेटणार नाही, हे तपासणाऱ्यालाही कळतं. पण सामानाच्या पोटात काय तापतंय ते उडताना कुणी बघायला जात नाही, म्हणून नियम सरसकट.

पॉवर बँकेचंही असंच: ती फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. कारणही तेच. धूर निघाला तर माणसांसमोर निघावा.

---

भुईरिंगणी · सोमवार, रात्री ११:०९

म्हणजे चिवड्यातले खोबऱ्याचे काप??

---

कृष्णाकाठची · सोमवार, रात्री ११:१५

चिवड्याचा डबा तोच माणूस उघडून बघून गेला. काही बोलला नाही. थोडा घ्या म्हटलं तर ड्यूटीवर आहे म्हणाला.

---

शारजावासी · मंगळवार, सकाळी ७:२०

इकडे येणाऱ्यांसाठी खोबऱ्यापेक्षा महत्त्वाचं: खसखस. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. चिमूटभरसुद्धा नको. आणि आपल्या फराळात ती कुठे कुठे असते ते आठवा: अनारसे, करंजीचं सारण, आणि गोड्या मसाल्याच्या कितीतरी घरगुती कृतींत! माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी निघण्याच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिची बॅग रिकामी करून घेतली. अनारसे तसेच शेजारी गेले. आता ती माझ्यासाठी तीळ लावून करते. खसखशीची सर नाही, पण खातो.

औषधांचंही तेच. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, काही वेदनाशामकं इकडे नियंत्रित आहेत. आईवडिलांच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन हवं, आणि यादी आधी तपासायची. डब्यात खाने करून वारानुसार भरलेल्या सुट्या गोळ्या आणू नका.

मुंबईहून इकडे तीन तास. घड्याळ दीड तास मागे. तुमच्या लेकाला सांगा, काटे फिरवायचे असतील तर इकडे ये.

---

कानामात्रा · मंगळवार, सकाळी ९:४५

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. मुलगा उतरताना रडला याचं कारण साधं आहे, आणि टाळता येतं. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ ठेवतात. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तुम्ही अडीच तास कळसूबाईच्याही वर बसलेले असता. उतरताना हा दाब भराभर वाढतो. कानाच्या पडद्यामागून घशात उतरणारी नळी उघडली तर दाब सारखा होतो. लहान मुलांत ती नळी अरुंद आणि आडवी असते, सर्दी असेल तर सुजून बंदच.

छोट्या प्रवासात गंमत अशी होते, की मूल दमून नेमकं शेवटच्या तासात झोपतं, आणि झोपेत गिळणं कमी होतं. उतरायला सुरुवात जमिनीला टेकण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी होते. तेव्हाच उठवा. घोट घोट पाणी, चघळायला काहीतरी, तान्ह्याला अंगावर पाजणं. मोठ्यांनी नाक दाबून, तोंड मिटून हळूच फुंकर मारावी, जोर लावू नये. खूप सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पट्टे बांधायची सूचना झाली की गोळी काढायची, असा सोपा नियम मी आईबापांना सांगते. चढताना त्रास कमी होतो, त्यामुळे चढतानाच सगळ्या गोळ्या संपवू नका!

---

अवली_आजोबा · मंगळवार, दुपारी १२:३०

वय वर्षे ८१. या प्रवासाचा एक जुना रस्ता होता, तो सांगतो. मद्रासहून बोट मेल निघायची, पांबनचा पूल ओलांडून धनुष्कोडीला जायची. तिथे बंदरावर उतरायचं, आगबोटीत बसायचं, पलीकडे तलाईमन्नारला पुन्हा आगगाडी, ती थेट कोलंबो. तिकीट एकच. हे १९१४ साली सुरू झालं. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी गेलं, गाडी गेली, माणसं गेली. आमचे काका त्याच्या आधी त्या वाटेने जाऊन आले होते आणि मरेपर्यंत तेच सांगायचे. उलट्या किती झाल्या तेही.

आता २०२३ पासून नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला बोट सुरू झाली आहे, पण ती जाफन्याच्या बाजूला. समुद्र खवळला की बंद. आमच्या वयाला विमानच बरं.

सुनबाई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या सासूबाईंना विमानातून सेतू दिसला का? डाव्या बाजूला खिडकी होती का?

---

टपरीवरचा_चहा · मंगळवार, दुपारी १२:५०

आजोबा, रेल्वेच्या तिकिटावर परदेश! हे माहीत नव्हतं. मी माझा सकाळचा... म्हणजे रात्रीचा शेरा मागे घेतो.

---

हिंजवडीकर · मंगळवार, दुपारी १:१०

इमिग्रेशनच्या रांगेवर उपाय आहे. गृह मंत्रालयाची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन म्हणून योजना आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली, जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज, मंजुरी आली की एकदा बोटांचे ठसे-फोटो द्यायचे, पैसे नाहीत. मग स्वयंचलित फाटकातून पासपोर्ट लावून बाहेर. मी गेल्या वेळी चार मिनिटांत पलीकडे होतो. बायकोने अर्ज केला नव्हता, ती पन्नास मिनिटांनी आली. ती पन्नास मिनिटं मी कॉफी पीत काढली आणि नंतरचे चार दिवस ऐकत काढले. त्यामुळे करायचा तर सगळ्या घराचा करा.

---

भुईरिंगणी · मंगळवार, दुपारी २:००

आणि डिजियात्रा? ते चालत नाही का?

---

हिंजवडीकर · मंगळवार, दुपारी २:०४

मी गेलो तेव्हा ते देशांतर्गत विमानांनाच होतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. डिजियात्रा तुम्हाला विमानतळात घेते, इमिग्रेशन देशाबाहेर सोडतं.

---

अवली_आजोबा · मंगळवार, दुपारी २:४०

जुलै २०१७ पर्यंत निघताना एक कार्डही भरावं लागे. रांगेत कुणाकडे पेन नसे. मी खिशाला चार पेनं लावून जात असे, परत येताना एकही नसे.

---

टेम्सकाठचा · मंगळवार, संध्याकाळी ६:१५

लंडनहून. इकडे सुट्टीची सुरुवातच छोट्या विमानाने होते, दोन-अडीच तासांत स्पेन-पोर्तुगाल. शेजारचे गोरे म्हातारा-म्हातारी पहाटे चारला विमानतळावर बिअर घेऊन बसलेले असतात. आपण मात्र भारतीय पासपोर्ट, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा, हॉटेलची कागदं आणि रहिवासाचा पुरावा यांची फाइल मांडीवर घेऊन. स्वस्त विमानांत मोबाइलवरचा बोर्डिंग पास पुरत नाही. युरोपीय नसाल तर आधी काउंटरवर जाऊन कागद दाखवावे लागतात. माझ्या मित्राला हे गेटवर कळलं. विमान त्याच्या डोळ्यांदेखत गेलं, बायको-मुलं आत होती, कारण ती ब्रिटिश.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो सुरू झालेत. आता गोरे आजी-आजोबाही आमच्याच रांगेत. मला यात थोडा आनंद होतो, हे कबूल करतो.

---

मोगरा_मोहाडी · मंगळवार, रात्री ८:३०

बँकॉकचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मे २०२५ पासून थायलंडला जाताना ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. शोधल्यावर वर येणाऱ्या भलत्याच साइटने माझ्या दिरांकडून चौघांचे पैसे घेतले. श्रीलंकेच्या ईटीएच्याही अशा नकली साइट आहेत, सरकारी पत्ता नीट वाचून घ्या. शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, मैत्रिणीने गेल्या वर्षी किती भरले यावर जाऊ नका.

कृष्णाकाठची, उतरल्यावर पैशांचं काय केलंत? आणि पाऊस?

---

कृष्णाकाठची · मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांची उत्तरं एकदम देते.

@मोगरा, थोडे पैसे विमानतळावरच बदलले. एका रुपयाला त्यांचे तीनाहून जास्त येतात, त्यामुळे अहो एकदम श्रीमंत झाल्यासारखे वागायला लागले आणि पहिल्या शहाळ्यालाच जमिनीवर आले. काही दुकानांत यूपीआय चाललं (फेब्रुवारी २०२४ पासून आहे तिकडे), पण रिक्षावाल्याकडे, देवळाबाहेर रोखच. पहिली रात्र कोलंबोत न राहता निगंबोला राहिलो, विमानतळापासून अगदी जवळ. मुलं आणि सासूबाई बरोबर असतील तर हेच करा. एकट्यादुकट्याला कोलंबोला जायला १८७ नंबरची बस आहे.

पाऊस होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे दुपारी हमखास येतो. सकाळी फिरायचं, दुपारी छत शोधायचं. किनाऱ्यासाठी जायचं तर डिसेंबर ते मार्च म्हणतात, पण आमच्या शाळेला ते कोण सांगणार.

@कानामात्रा, येताना पंचवीस मिनिटं आधी उठवला, लिमलेटची गोळी दिली. रडला नाही. गोळी संपली म्हणून रडला, ते वेगळं.

@शारजावासी, अनारशांचं वाचून सासूबाई म्हणाल्या, त्या पोराला तिळाचे खायला लागतात, त्याच्या आईला फोन लाव. लावू का?

ओटीचं: सीता एलियाला देवळाबाहेरच नारळ मिळाला, ओला, शेंडीसकट. सासूबाईंनी खण, तांदूळ आपले घातले. पुजाऱ्याला मराठी येत नव्हतं, यांना तमिळ येत नव्हतं, पण दोघं दहा मिनिटं बोलत होते. नारळाचं पाणी आम्ही तिथेच प्यायलो, त्यांनी खोबरं मात्र पदरात बांधून आणलं. परतीच्या विमानात नेऊ दिलं नाही तर, म्हणून आदल्या रात्रीच आम्हा सगळ्यांना वाटून खायला लावलं.

@आजोबा, तुमचा प्रश्न त्यांनाच वाचून दाखवला. खिडकी डावीकडचीच होती, त्यांनीच मागून घेतली होती. सेतूचं काही माहीत नाही, सगळे ढगच होते म्हणाल्या. "पण त्या पोरीने एवढ्याशा कागदी पेल्यात चहा दिला आणि दोनशे रुपये घेतले, ते मला स्वच्छ दिसलं."